रितं भांडं देत नसतात

सावरखेडच्या शाळेत परदेशातलं दूध आलं ते कार्तिकात, आणि आलं ते पीठ होऊन. वलगावहून बैलगाडीत घालून पुठ्ठ्याचे भले मोठे ड्रम आणले, पत्र्याचं झाकण उघडलं, अन् पाहतात तर काय, आत पांढरं भुरभुरीत पीठ! "बापा, यायनं त गायच चक्कीत घातलेली दिसते," असं एक म्हातारा बोलला आणि सगळं पटांगण हसलं. ग्रामसेविका बेबीताई तेवढी हसली नाही. तिनं चूल पेटवली, पाणी उकळलं, पीठ कालवलं आणि पहिला पेला सगळ्यांच्या देखत स्वतः पिऊन दाखवला. तेव्हा कुठं पोरांची रांग लागली.

देश स्वतंत्र होऊन दहा-अकरा वर्षं झालेली. लेकरांच्या अंगावर मांस नाही, हे सरकारलाही दिसत होतं आणि समुद्रापलीकडच्या लोकांनाही. तिकडं दूध उतू जात होतं, इकडं सावरखेडचं दूध पहाटेच कॅनमध्ये बसून अमरावतीच्या हॉटेलात पोचत होतं. तेव्हा त्या लोकांनी दूध पाठवलं, चांगलंच केलं. पोरांनी घरून पेला आणायचा, रांगेत उभं राहायचं, प्यायचं आणि वर्गात जायचं. यात अडायला काय आहे? पण साध्या गोष्टीलाही अडवून धरणारी माणसं जगात असतात, आणि देवाशपथ सांगतो, जग त्यांच्याच जिवावर सरळ चालतं. सावरखेडात असा एक माणूस बौद्धपुऱ्यात राहत होता. बुधाजी त्याचं नाव, आणि इंदूबाईचा तो सासरा.

बेबीताई तिच्या दाराशी आली तेव्हा इंदूबाई ज्वारी पाखडत होती. तिची सात वर्षांची मैना भिंतीला टेकून उन्हात बसली होती. श्रावणात पोरीला मुदतीचा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना पोरीचं सगळं घेऊन गेला. केस गळाले, गाल बसले, पायांच्या काड्या झाल्या.

"इंदूबाई, हिला उद्यापासून पेला देऊन पाठवा," बेबीताई म्हणाली. "हिला औषध नको, दूध पाहिजे. दोन महिने प्यायली तर पोरगी धावायला लागेल."

आतून आवाज आला, "नाही येनार."

बुधाजी बाहेर आला. उंच, वाळलेला, मिशा पांढऱ्या, मान ताठ. "बाई, तुमचं मन चांगलं हाये, तुमाले बोल नाही," तो म्हणाला. "पन या घरचं लेकरू हातात पेला घेऊन कोनाच्या दारात उभं राह्यनार नाही."

बेबीताईनं समजावलं, मग चिडली, मग गेली. इंदूबाई पाखडत राहिली. म्हातारा काय बोलतोय ते तिला बेबीताईपेक्षा जास्त कळत होतं.

छप्पन सालच्या दसऱ्याला पुऱ्यातली माणसं नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आली होती. त्याआधी बुधाजी गावकीची कामं करायचा. गावाची राखण करायची, सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची. आणि त्याच्या बदल्यात सांजच्याला घुंगराची काठी वाजवत दारोदार भाकर मागायची. पायरीखाली उभं राहायचं आणि वरून टोपलीत पडेल ते घ्यायचं. ताजं पडलं तर नशीब. एकदा सासरा तापानं पडला म्हणून नवी नवरी असलेल्या इंदूबाईनं ती टोपली डोक्यावर घेतली होती. एका दारी कुणी बाईनं भाकर टाकली ती नीट टोपलीत पडली नाही, मातीत पडली. बाई आत निघून गेली. इंदूबाईनं वाकून उचलली, झटकली, टोपलीत टाकली. घरी आल्यावर तिला त्या भाकरीचा घास गिळता आला नाही.

नागपूरहून आल्यावर बुधाजीनं काठी चुलीत घातली. टोपली मोडून तीही घातली. त्याच जाळावर सुनेला भाकरी थापायला लावल्या आणि सगळ्या पुऱ्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "आजपासून या घरचा हात कोनापुढं पसरनार नाही. उपाशी राहू, पन मांगू नाही." त्या दिवशीच्या भाकरीइतकी गोड भाकर इंदूबाईनं पुन्हा खाल्ली नाही.

तर अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? आणि भांडायचं नाही तर मैनेच्या काड्यांकडं बघत बसायचं का? नवरा देवमन अमरावतीला कापसाच्या जिनात कामाला, रविवारी घरी यायचा. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुमचं तुमी पाहा बापा. मी मधात पडलो त दोनीकडून मरतो."

शेवटी इंदूबाईनं चोरी केली. सासरा वावरात गेल्यावर तिनं मैनेच्या ओढणीखाली पितळेचा पेला दिला आणि पोरीला शाळेत धाडलं. दुपारी मैना घरी आली, पेला काढून चुलीजवळ ठेवला. पेला कोरडा ठणठणीत.

"काहून वो? संपलं का दूध?"

"नाही. लय होतं." मैना खाली बघत म्हणाली. "पन आबाजीनं सांगतलं ना, आपन मांगत नसतो."

 इंदूबाईला पोरीचा राग आला, आणि त्या रागाच्या खाली अभिमानानं तिचा ऊर भरून आला. एवढीशी पोर, भूक लागलेली, दुधाचा वास नाकात शिरलेला, आणि तरी रांगेबाहेर उभी राहिली! पण अभिमानानं पोरीच्या हाडांना मांस थोडंच येतं?

त्याच आठवड्यात शेजारच्या शालूनं वाटी परत आणून दिली. शालूकडं पाहुणे आले होते म्हणून इंदूबाईनं तिला वाटीभर वरण दिलं होतं. आता वाटी परत आली ती अंबाडीच्या भाजीनं भरून. यात काही नवल नाही. वऱ्हाडात काय किंवा आणखी कुठं काय, शेजाऱ्याचं भांडं कुणी रितं देत नाही. काही नसलं घरात तर चिमूटभर मीठ टाकून देतात, पण रितं नाही. इंदूबाईनं जन्मात शेकडो वाट्या घेतल्या-दिल्या असतील. त्या दिवशी मात्र ती वाटी हातात धरून उभीच राहिली आणि तशीच सासऱ्याकडं गेली. बुधाजी अंगणात दोरी वळत बसला होता.

"मामाजी, शालूकडून भाजी आली."

"मंग खा."

"हे मांगनं झालं का?"

"डोकं फिरलं का तुहं? शेजारपाजारची वाटी हाये ते. आज आपली गेली, उद्या तिची येईन."

"मंग मांगनं कशाले म्हनाचं?"

म्हाताऱ्यानं दोरी बाजूला ठेवली.  "टोपलीत भाकर पडे, पोरी," तो म्हणाला, "पन त्या टोपलीतून मी कोनाच्या घरात कवा काई देल्लं नाही. देल्लं असतं तरी घेतलं कोनं असतं? आपल्या हातचं पानी चालत नोतं लोकायले, भांडं कुठून चालन? एकाच बाजूनं ये. ते मांगनं."

"मंग ते दुधाचं डरम ज्यायनं धाडलं, त्यायले भरून परत देऊ."

"परदेसात?"

"असन परदेसात. भांडं त त्यायचंच हाये ना!"

आता तुम्ही हसाल. ड्रम म्हणजे भांडं नव्हे, दूध संपलं की त्याचं काम संपलं, हे तुम्हाआम्हाला माहीत. पण असा धडधाकट, गोल गरगरीत, घट्ट झाकणाचा ड्रम कुणी फेकून देत असेल, हे सावरखेडच्या कुठल्या बाईला पटलं असतं? भांडं आलं म्हणजे मालकाकडं परत जाणारच. इंदूबाईला त्यात शंका नव्हती आणि बुधाजीलाही नव्हती. म्हाताऱ्याला शंका होती ती वेगळीच.

"घेतील का आपल्या हातचं?" त्यानं विचारलं.

"न घेतलं त दूध बंद. पन घेतलं, त मैनानं मान वर करून प्याचं."

दुसऱ्या दिवशी बुधाजी स्वतः नातीचं बोट धरून शाळेत गेला आणि रांगेच्या शेवटी उभा राहिला. मैनेचा पेला भरला तेव्हा तो बेबीताईला म्हणाला, "बाई, हे आमी फुकट नाही घेऊन राह्यलो. डरम रिता होऊ द्या, मंग पाहा." बेबीताईच्या मागं चूल धुमसत होती, पुढं पोरं ढकलाढकली करत होती. ती "बरं, बरं, बाबा" म्हणाली आणि विसरून गेली.

पौष सरला. मैनेच्या गालावर तकाकी आली. ज्वारीची सोंगणी-मळणी झाली, पुऱ्यातल्या घरांत मजुरीचे दाणे आले. इंदूबाईनं मुख्याध्यापक शालिकराम गुरुजींकडून एक रिता ड्रम मागून घेतला. गुरुजी म्हणाले, "न्या, पडलाच आहे." मग पुऱ्यातल्या बाया इंदूबाईच्या अंगणात जमल्या आणि जी काही चर्चा झाली, तशी चर्चा दिल्लीतही होत नसेल.

"ज्वारी कशी द्यायची? तिकडच्या बायायले भाकर थापता येते का?" शालूनं विचारलं.

"नसन येत त शिकतीन!" इंदूबाई म्हणाली. "आपन नाही का पिठाचं दूध प्याले शिकलो?"

ज्वारी ठरली. वर तुरीची डाळ, मूग आणि थोडे तीळ, असंही ठरलं. समुद्रापार जायचं, वाटेत कीड लागेल, म्हणून कडुलिंबाचा पाला वाळवून थराथरात घातला. एकेक दाणा निवडला. परक्या मुलखात कुणाच्या दाताखाली खडा आला तर पुऱ्याचं नाक कापलं जाईल, असं इंदूबाईनं बजावलं होतं. कुणी सूपभर आणलं, कुणी पसाभर. एका म्हातारीनं ओंजळीतून मूग आणले आणि लाजत उभी राहिली. इंदूबाईनं ते सगळ्यांच्या वर ठेवले. देवमन रविवारी आला, ड्रम बघून त्यानं कपाळाला हात लावला. "आपल्याच घरी पुरते का हे?" तो म्हणाला. त्यावर बायकोनं त्याच्याकडं असं काही पाहिलं की पुढच्या रविवारी तो जिनातून दाभण आणि सुतळी घेऊन आला. इंदूबाईनं आपल्या हिरव्या लुगड्याचा पदराकडचा चांगला तुकडा फाडला, ड्रमच्या तोंडावर ताणला आणि शिवून टाकला.

माघात दूध पाठवणाऱ्यांकडची एक मॅडम शाळा बघायला आली. जीपमधून उतरली, उंच, उन्हानं लाल झालेली, पायात पुरुषासारखे बूट. सोबत बीडीओ साहेब. साहेब मूळचे तिवशाकडचे, पण कपड्याची इस्त्री अशी की बसायचीही भीती. पोरं ओळीत दूध पीत होती. कडुलिंबाखाली तो ड्रम आणि त्याच्याजवळ पुऱ्यातल्या बाया उभ्या होत्या.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"मॅडमचं भांडं, साहेब," इंदूबाई पुढं झाली. "भरून देऊन राह्यलो."

साहेबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते मोठ्यानं हसले. "अहो बाई, हे ड्रम परत जात नसतात! आणि ही मदत आहे, मदत. गरिबांना मदत करतात, त्यांच्याकडून परत काही घेत नाहीत."

 इंदूबाई सासऱ्याकडं बघायलाही धजेना.

बुधाजी मात्र आरडाओरडा न करता म्हणाला, "म्हंजे कार्तिकापासून आमी मांगूनच खाऊन राह्यलो होतो." मग तो रांगेकडं वळला. "मैना, पेला खाली ठेव."

मैनेच्या ओठावर दुधाची पांढरी रेघ होती. पेला अजून अर्धा भरलेला. तिनं आजाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि पेला जमिनीवर ठेवला.  'राहू द्या मामाजी, पिऊ द्या तिला,' हे शब्द इंदूबाईच्या ओठावर आले होते. नुकते कुठं पोरीचे गाल भरले होते! पण तिला ती मातीत पडलेली भाकर आठवली आणि ते शब्द तिनं गिळले. राग मात्र तिला गिळता आला नाही.

"मदतच हाये ना साहेब?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज पार शाळेच्या ओट्यापर्यंत गेला. "मंग आमची बी मदतच समजा! आमी काई दुधाची किंमत देऊन नाही राह्यलो. तेवढी आमची ऐपत नाही, अन् लेकरायच्या दुधाची किंमत ज्वारीनं होत बी नाही. पन भरून आलेलं भांडं रितं देत नसतात. तुमची माय देत होती का शेजारनीले रितं भांडं? सांगा ना! देत होती का?"

साहेबांचं हसू थांबलं. तिवशाच्या घरातली त्यांची माय शेजारच्या वाटीत काही नसलं तर गुळाचा खडा टाकायची आणि ती वाटी पोचवायला त्यांनाच पळवायची. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

मॅडमनं काय चाललंय ते विचारलं. साहेब 'काही नाही' म्हणायच्या बेतात होते, पण बेबीताई मधे पडली. तिचं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, अडखळत, पण तिनं सांगायला सुरुवात केली तेव्हा साहेबांना राहवेना. त्यांनी उरलेलं सगळं नीट सांगितलं. माय, वाटी, गूळ, सगळं. मॅडम ड्रमजवळ आली. तिनं हिरव्या कापडावरून हात फिरवला आणि काहीतरी बोलली.

"त्या म्हणतात, इतक्या लांब त्यांच्या देशात हे नेता येणार नाही," साहेब म्हणाले, पण आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"मंग वाटंत जे दार लागते त्या दारी द्या," इंदूबाई म्हणाली. "शेजारी घरी नसला त आपन बाजूच्या घरी वाटी ठेवतच असतो."

पुन्हा दोघांचं बोलणं झालं. मग साहेब इंदूबाईकडं नाही, बुधाजीकडं वळले. "आजोबा, मॅडम उद्या अकोल्याकडं जाताहेत. बार्शीटाकळीला बाळंतिणींचं केंद्र आहे, तिथं हेच दूध जातं. पण यंदा गारपिटीनं तिकडची पिकं झोपली, दूध पिऊन घरी गेलेल्या बाईच्या घरात भाकरीला पीठ नाही. हे तिथं नेलं तर चालेल का, असं त्या विचारताहेत."

विचारताहेत! साठी उलटलेल्या बुधाजीला या गावात 'चालेल का' असं कधी कुणी विचारलं नव्हतं. त्यानं मिशीवरून हात फिरवला. "चालन," तो म्हणाला. "पन साहेब, कोनाकडून आलं ते सांगजा. गाव सांगा, पुरा सांगा, सगळं सांगा. घेतलं त आयकून घेतलं पाह्यजे. लपवून देल्लेलं मले नोको."

"सांगतो," साहेब म्हणाले. "बेबीताईंनाच सोबत पाठवतो. बायकांशी बोलायला तिथं त्या लागतीलच."

ड्रम जीपमध्ये चढवायचा तर एकट्या ड्रायव्हरला झेपेना. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. शालिकराम गुरुजी जवळच उभे होते. त्यांच्या घराच्या पायरीखाली बुधाजी वर्षानुवर्षं उभा राहिला होता, हे गुरुजींना माहीत होतं आणि बुधाजीलाही. गुरुजी क्षणभर थांबले. मग त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि ड्रमची एक बाजू धरली. दुसरी बुधाजीनं धरली. "हं, उचला," गुरुजी म्हणाले, आणि दोघांनी मिळून तो ड्रम जीपमध्ये चढवला.

खाली आल्यावर बुधाजी धापा टाकत नातीला म्हणाला, "पाहून काय राह्यली? पी. थंडं होते."

त्यानंतर काही बातमी नाही. बेबीताईला तिकडच्या लोकांनी ठेवून घेतलं. दूध वाटायला शेजारच्या गावची सेविका येऊ लागली, तिला बार्शीटाकळीचं काही माहीत नव्हतं. मैना दूध पीत होती, शाळेतून धावत घरी येत होती. पण बुधाजी रोज सांजच्याला वेशीजवळच्या दगडावर बसायचा आणि वलगावच्या वाटेकडं बघायचा. पूर्वी याच वेळेला तो काठी घेऊन निघायचा.  त्याच्या मनात काय आहे ते इंदूबाईच्याही मनात होतं. नाव ऐकलं असेल तर घेतलं असेल का?

फाल्गुनात शाळेत दुधाचे नवे ड्रम आले. बैलगाडी पुऱ्यावरून जायची ती पुऱ्यातच थांबली. गाडीवान खाली उतरला, मागून बेबीताई उतरली. गाडीत नव्या ड्रमांच्या मधे एक जुना ड्रम होता आणि त्याच्या तोंडावर हिरव्या लुगड्याचा तुकडा.

इंदूबाईनं हातातली घागर तिथंच खाली टेकवली. ड्रम परत आला होता, आणि रिता नव्हता. गाडीवानानं तो उतरवला तेव्हा त्याचं वजन तिला लांबूनच कळलं. दगडावरून बुधाजी उठून आला. त्यानं ते हिरवं कापड पाहिलं आणि त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"नाव सांगतलं असन," तो हळूच म्हणाला. "नाही घेतलं त्यायनं." मग त्यानं मान वर केली. "जाऊ दे, पोरी. आपन देल्लं होतं. मैनाचं दूध उद्यापासून बंद."

"अहो बाबा, आधी उघडा तरी!" बेबीताई ओरडलीच.

इंदूबाई वाकली. तिनं कापडाला हात लावला आणि तिच्या लक्षात आलं. कापड तिचंच होतं, पण शिवण तिची नव्हती. तिनं सुतळीनं शिवलं होतं. हे निळ्या दोऱ्यानं शिवलं होतं, बारीक, दाट, परक्या बाईच्या हातानं. तिनं दातानं दोरा तोडला.

आत हळकुंडं होती, लाल वाळक्या मिरच्या होत्या. लसणाच्या वेण्या होत्या. एका पुरचुंडीत मेथीचं बी, दुसरीत झेंडूचं. वर उन्हात वाळवलेली गवार. वास असा सुटला की मैनेला शिंक आली.

बेबीताई सांगायला लागली, आणि पुरा गोळा होऊन ऐकायला लागला. बार्शीटाकळीला तिनं लगेच ड्रम उघडला नाही, आधी सांगितलं. सावरखेडच्या बौद्धपुऱ्यातून आलंय, ज्यांच्या हातचं पाणी काल-परवापर्यंत गाव पीत नव्हतं त्यांच्याकडून आलंय, घ्यायचं तर हे ऐकून घ्या.  बायकांपैकी एकीनं पदर सावरून तोंड फिरवलं. तेव्हा मागून तानुबाई नावाची एक म्हातारी उठली. भाजी-फुलं पिकवणाऱ्या घरातली, तिची सून केंद्रात बाळंत झालेली, आणि गारपिटीनं तिच्या मळ्याची माती झालेली.

"काय म्हणाली ती?" इंदूबाईनं विचारलं.

"म्हणाली, 'धान्याले जात पुसता, अन् दुधाले काहून नाही पुसली वो? ते त सात समुद्रापलीकडून आलं. त्या गायी कोन्या जातीच्या होत्या, कोनाले मालूम हाये का?' आणि स्वतःच कात्री घेऊन कापड उसवलं. त्याच दिवशी केंद्रात भाकरी झाल्या, मुगाची खिचडी झाली. तोंड फिरवलेली बाईही जेवली. मला ड्रम रिकामाच आणायचा होता, पण तानुबाई आडवी आली. गारपिटीआधी काढलेलं जे काही घरोघर होतं ते गोळा केलं. मला म्हणाली, 'हे काय भिकाऱ्याचं घर हाये का? भरून आलेलं भांडं रितं धाडू?'"

पुऱ्यातल्या बाया हसल्या. शालू हसता हसता रडायला लागली. इंदूबाईनं हळकुंडांकडं पाहिलं आणि तिला वाटलं, कुठं ती बार्शीटाकळी, कुठली ती तानुबाई, कधी भेट नाही, पण ही बाई आपली शेजारीण झाली. अशी शेजारीण, की तिनं आपलं नाव ऐकून घेतलं आणि स्वतःचं नाव सांगून दिलं.

 बुधाजी ड्रमजवळ गुडघ्यावर बसला आणि त्यानं दोन्ही हात आत घातले. या हातांनी आयुष्यभर घेतलंच होतं. यांनी दिलं ते एकदाच, आणि ते कुणीतरी घेतलं आणि भांडं भरून परत धाडलं. हात बाहेर काढले तेव्हा ते हळदीनं पिवळे झाले होते. तो ते हात बघत बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर तोंड पिवळं झालं असतं.

मग त्यानं सुनेकडं पाहिलं. इतक्या वर्षांत इंदूबाईनं त्याला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"पाहून काय राह्यली, पोरी?" तो म्हणाला. "भांडं भरून आलं हाये. आता यात काय टाकाचं ते सांग."